जुना २४ इंची बीडाचा बँडसॉ: घ्यावा का, आणि घरापर्यंत कसा न्यावा?

खाचखुंटी:
पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात जुना बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याची करवत) विकायला आहे. न्यायचा आहे तळेगाव दाभाडेला, बंगल्यामागच्या शेडमध्ये. वापर घरगुती, म्हणजे सागवान आणि शिसवीच्या फळ्या चिरणं आणि खुर्चीचे वळणदार पाय कापणं.

चाकं २४ इंची, टेबल २४ बाय २४, उंची साडेसहा फूट, सांगाडा पूर्ण बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. कंपनीची पाटी नाही. मोटर ५ एचपी थ्री फेज, १४४० आरपीएम. मोटरची पुली ६ इंची, चाकाची १२ इंची, दोन व्ही-बेल्ट. पायाची रुंदी साधारण ६० सेंमी. वजन विक्रेत्याच्या मते ४०० ते ४५० किलो. मागतोय ५५ हजार.

शेडचं दार ४२ इंच रुंद, चौकटीची उंची ६ फूट १० इंच. गेटपासून दारापर्यंत १२ मीटर पेव्हर ब्लॉक, शेवटी ८ इंचांची पायरी. घरी सिंगल फेज आहे.

विकत घेताना काय तपासू, आणि आणू कसा?

बीडओतारी:
पाटी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बटाला, लुधियाना, राजकोटकडची ही यंत्रं अनेकदा बिनपाटीचीच असतात. बेअरिंग, बेल्ट, मोटर सगळं बाजारात मिळतं. न मिळणाऱ्या गोष्टी तीनच: मुख्य सांगाडा, दोन्ही चाकं आणि टेबलाखालचे अर्धगोल ट्रनियन, ज्यांवर टेबल तिरकं होतं. तेवढ्यांवर नजर ठेवा.

आधी चाकं. करवतीचा पट्टा आणि मोटरचे बेल्ट काढून ठेवायला सांगा. प्रत्येक आऱ्यावर छोट्या हातोडीने हलकं टिचकवा. धड बीड खणखणीत वाजतं, तडा असलेलं बद्द वाजतं. रबर चढवलेल्या चाकात आवाज थोडा दबतो, म्हणून आरे आपसांत ताडून बघा: सहांतला एकच वेगळा वाजला तर तिथे थांबा. आरा जिथे मधल्या तुंब्याला मिळतो तो कोपरा तारेच्या ब्रशने घासा, कापडाने रॉकेल लावा (नसेल तर डिझेल), पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. रेघ दिसली की सौदा संपला. चाकावर वेल्डिंग करून ते ७०० आरपीएमला फिरवायची वस्तू नव्हे.

सांगाड्याला तीच परीक्षा, विशेषतः मान वळते त्या आतल्या बाजूला. ताण तिथेच येतो. रंगाखाली पुट्टीचा थर आहे का ते नखाने किंवा चाकूच्या टोकाने पाहा. झाकणाच्या बिजागरीला पितळेची झाळ असेल तर दुर्लक्ष करा, मानेवर असेल तर यंत्र भंगाराच्या भावाचं.

मग बेअरिंग. चाक हाताने फिरवा, स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडाला. करकर असली तरी घाबरू नका, भाव कमी करा. बेअरिंग बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला तर तो बेअरिंगचा की शाफ्टवरच्या बसणीचा, हे ओळखायचं. शाफ्टच झिजला असेल तर तो भरून टर्न करावा लागतो आणि काम वाढतं.

नेमका_गुण्या:
वरच्याला जोड. वरचं चाक ज्या सरकपट्टीवर वर-खाली होतं ती आणि ताणाचा स्क्रू नक्की बघा. या यंत्रांत स्क्रूखाली जाड स्प्रिंग असते. बऱ्याच ठिकाणी ती तुटल्यावर पाईपचा तुकडा टाकून काम चालवलेलं असतं. तसं असेल तर पट्टा तापून लांबला की ढिला पडतो, आणि भुशाचा गोळा चाकाखाली आला की झटक्यात तुटतो. स्प्रिंग बनवून मिळते, पण आहे की नाही हे आधी कळलेलं बरं.

डायल गेज असेल तर चुंबकी स्टँड टेबलावर लावून चाकाच्या कडेचा फेर, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, मोजा. एवढ्या चाकाला पाव मिमीपर्यंत चालतं. त्यापुढे थरथर जाणवते.

टायरच्या रबरात अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून पुन्हा भरून आली तर रबर जिवंत आहे. नख घसरलं तर ते वाळून टणक झालंय. टायर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

सागकापे:
+१. आणि मोटर चालू करून दाखवली म्हणून खूश होऊ नका. रिकामं फिरणारं प्रत्येक यंत्र गोडच वाटतं. पट्टा चढवून, ताण देऊन, किमान ४ इंची फळी चिरून दाखवा म्हणावं.

वनवाट:
वाहतुकीच्या आधी एक कोरडा विषय. बँडसॉ हे आपल्याकडे नुसतं सुतारी यंत्र मानलं जात नाही, तो आरागिरणीच्या नियमांतला शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन (जंगलतोडीविरुद्धच्या खटल्यातल्या) आदेशापासून या सगळ्यावर बारीक नजर आहे. लाकूडआधारित उद्योगांबद्दल केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत परवान्यातून सूट मिळणाऱ्या कामांचं वर्णन करताना बँडसॉ, री-सॉ किंवा ३० सेंमीपेक्षा मोठी गोल करवत नसावी अशी अट आहे. म्हणजे रंधा, ड्रिल, छोटी करवत यांना जो मोकळेपणा आहे तो बँडसॉला आपोआप मिळत नाही.

घरगुती वापर आहे म्हणून कुणी विचारणार नाही, या भरवशावर राहू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या: चाकाचा व्यास, मोटर, जागा, स्वतःपुरता वापर, ओंडके चिरणार नाही. उत्तरही लेखीच घ्या. विक्रेत्याकडे परवाना असला तरी तो यंत्राबरोबर तुमच्याकडे येत नाही. लाकडाच्या पावत्या जपून ठेवा, विशेषतः सागाच्या. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी हे उरकलेलं बरं.

खाचखुंटी:
हे डोक्यातच नव्हतं. सोमवारी अर्ज देतो. उत्तर येईपर्यंत विक्रेत्याला टोकन देणार नाही.
तोपर्यंत वाहतुकीचं बोलू. ड्रायव्हर म्हणतो छोट्या हत्तीत उभा ठेवू, चार माणसं धरून बसतील.

पहार_पाचर:
चार माणसं धरून बसतील हे वाक्य ऐकलं की दुसरा ड्रायव्हर शोधायचा. कलंडणारं ४०० किलोचं बीड माणूस थांबवू शकत नाही, फक्त त्याखाली येऊ शकतो.

हिशोब बघा. पाया ६० सेंमी रुंद, आणि वरचं चाक, मान, टेबल धरून गुरुत्वमध्य साधारण १ मीटरवर. अर्धा पाया ३०, उंची १००, म्हणजे जेमतेम १६-१७ अंश कललं की यंत्र स्वतःहून जातं. एक चाक खड्ड्यात आणि वर ब्रेक, एवढं पुरतं. त्यात हा गुरुत्वमध्य मधोमध नसतो, खांबाच्या बाजूला सरकलेला असतो. त्या बाजूला तर आणखी लवकर.

माझं मत: सुटं करून, पाठीवर आडवं झोपवून न्या.

बीडओतारी:
इथे मी असहमत. बीडाचं यंत्र उभंच बनलेलं असतं, उभंच न्यावं. आडवं करताना आणि पुन्हा उभं करताना जो झटका बसतो त्यातच ट्रनियन तुटतात, टेबलाचे कान जातात. फुलासारखं उचलून ठेवणारे हमाल कुठे मिळतात? लाकडी स्लेजवर (बल्ल्यांवर ठोकलेल्या पाटावर) बोल्ट करा, चारी बाजूंनी रॅचेट पट्टे मारा, सावकाश चला.

पहार_पाचर:
ट्रनियन तुटतात ते टेबल वर तसंच ठेवून आडवं केल्यामुळे. २४ बाय २४ चं फासळ्यांचं टेबल ७० ते ९० किलो भरतं, ते दोन बोटांएवढ्या कानांवर लटकत राहतं. ते काढलंत की तुमचा आक्षेप संपला.

सुटं करायचा क्रम: पहिल्यांदा पट्टा. मग टेबल, दोन माणसं आणि खाली लाकडी ठोकळ्यांचा आधार. टेबलाखालचे नट सोडण्याआधी आधार लावा, नंतर नाही. मग मोटर, ५ एचपीची बीडाच्या बॉडीची ४० किलोच्या आसपास असते. मग वरचं चाक. खालचं चाक राहू द्या, ते वजन खाली असलेलंच बरं. गाईड पोस्ट (पट्ट्याला आधार देणारा, वर-खाली होणारा दांडा) खाली घेऊन घट्ट करा किंवा काढूनच टाका. एवढं केल्यावर सांगाडा अडीचशे-पावणेतीनशे किलोचा उरतो आणि गुरुत्वमध्य बराच खाली येतो.

प्रत्येक सुट्या भागाचे नटबोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावा. पिशवीत टाकलेले बोल्ट घरी पोचल्यावर एकमेकांचे होतात. टेबलाखाली पातळ पत्र्याच्या शिम असतील तर कुठली कुठे ते खडूने लिहा आणि फोटो काढा.

झोपवायचं ते मानेला उचलायचा कापडी पट्टा (स्लिंग) बांधून, चेनकप्पीने, आणि खाली दोन जुने टायर. पट्टा सांगाड्याच्या मानेत, शाफ्टवर किंवा झाकणावर कधीच नाही. पॉलिएस्टरचा जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनांचा असतो. हिरवाच घ्या. बीडाच्या धारदार कडेवर गोणपाटाची घडी ठेवा, नाहीतर पट्टा कापला जातो. चेनकप्पी कुठे टांगणार हा खरा प्रश्न. पंख्याच्या हुकाला किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला मुळीच नाही. पाईपची तिपाई, म्हणजे घोडी, भाड्याने मिळते. तिचे तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ते फाकतात.

नेमका_गुण्या:
गॅरेजवाल्यांची घडीची इंजिन क्रेनही चालेल, पण '२ टन' हा आकडा बूम (क्रेनचा पुढचा हात) पूर्ण आत असतानाचा. बूम पूर्ण बाहेर काढला की अशा क्रेनवर ५०० किलोच लिहिलेलं असतं. बूमच्या भोकांशेजारचे आकडे वाचा. सुट्या सांगाड्याला पुरते, अख्ख्या यंत्राला काठावर.

आणि सगळ्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही. दार ८२ इंच. यंत्र ७८. खाली ३ इंची बल्ली, पाऊण इंची प्लाय आणि १ इंची पाईपचा रोलर, ज्याचा बाहेरचा व्यास १.३ इंच. बेरीज ८३. उभं यंत्र स्लेजवर दारातून जातच नाही! रुंदीचंही तेच. स्थिर राहावं म्हणून ४ फूट रुंद स्लेज केली तर ४२ इंचांचं दार आडवं येतं.

खाचखुंटी:
बाप रे. हे दारात उभं राहून कळलं असतं, ताडपत्री हातात आणि पाऊस डोक्यावर.

बीडओतारी:
मानलं. दाराने वाद मिटवला. आडवं न्या, पण शेडच्या बाहेर उभं करू नका. आतच उभं करा.

उभंच न्यायची वेळ कुणावर आलीच तर स्लेज ३६ इंच रुंद, ५ फूट लांब करा आणि वरचं झाकण व ताणाच्या स्क्रूचं हातचाक काढा. त्याने उंचीही कमी होते. ३६ इंचांच्या स्लेजवर कलंडण्याचा कोन १६ वरून २४ अंशांवर जातो. तोही फार नाही, म्हणून उतारावर यंत्राची रुंद बाजू उताराच्या दिशेने ठेवा.

पहार_पाचर:
गाडीबद्दल. छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब. साडेसहा फुटांचा सांगाडा मावेल, पण टेबल, मोटर, चाक कुठे ठेवणार? शिवाय वजन मागच्या फळक्याकडे जातं. बोलेरोसारखा ८ फुटी पिकअप घ्या. टेबल उभं ठेवू नका. पालथं, गादीवर, घासलेला पृष्ठभाग खाली, आणि हौद्याला पट्ट्याने बांधलेलं. चाक आडवं, जुन्या टायरवर.

बांधणी करताना लक्षात घ्यायचं ते ब्रेक. जोरात ब्रेक दाबला की माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतो, वळणावर वजनाच्या निम्म्या जोराने बाजूला. २७५ किलोच्या सांगाड्याला पुढे सव्वादोनशे किलोचा धक्का. म्हणून सांगाड्याचं बूड हौद्याच्या पुढच्या भिंतीला लाकडी ठोकळ्याने भिडवा, मग चार रॅचेट पट्टे, दोन पुढे खेचणारे, दोन मागे. नायलॉनचा दोर नको, तो ताणतो. पाच किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा कसा, पहिल्या खड्ड्यांनंतर ते हमखास सैल होतात.

पेठांमध्ये मालगाड्यांना वेळेचे निर्बंध असतात, ड्रायव्हरला विचारून वेळ ठरवा. आणि भरणी कोण करणार हे विक्रेत्याशी आधी बोला. मार्केटमधली टोळी असेल तर मुकादमाशी दर आधीच ठरवायचा, गाडी उभी असताना नाही. विक्रीची साधी पावती, यंत्राच्या वर्णनासकट, गाडीत ठेवा.

सागकापे:
हायड्रा (रस्त्यावर चालणारी क्रेन) का नाही? अर्ध्या तासात उतरवून देईल.

पहार_पाचर:
रस्त्यावर उतरवेल. तळेगावच्या त्या गेटातून आत येईल का? आला तरी १२ मीटर पेव्हर ब्लॉक त्याच्या वजनाने बसतील. भाडंही किमान तासांचं द्यावं लागतं. अख्खं ८०० किलोचं ३० इंची यंत्र असतं तर मी पण हायड्राच म्हटलं असतं.

गेटपासून आत: पेव्हरवर रोलर थेट चालत नाही, फटीत अडकतो. १८ मिमी प्लायच्या ८ बाय ४ च्या दोन शीट घ्या, एक पुढे, एक मागे, आलटून पालटून सरकवा. रोलर म्हणून १ इंची जीआय पाईप, जाड सी क्लास, ३ फुटांचे सहा तुकडे. सांगाड्याखाली कायम निदान तीन हवेत. पाईप दिशा बदलायला हातोडीने टोकावर टिचकवतात, हाताने धरून फिरवत नाहीत. सरकवताना पाईपवर तळहात सपाट, बोटं कधीच गुंडाळायची नाहीत. प्रत्येक मोठ्या टोळीत एक बोट कमी असलेला माणूस असतो, तो याच कामातला.

पायरीला उतरण: ८ इंच चढायला ४ फुटांची फळी, म्हणजे १ ला ६. खाली मध्ये आधार द्या, नाहीतर फळी झोळीसारखी वाकते. २७५ किलोला रोलरवर चढवायला ५० किलोचा खेच आणि वर थोडं घर्षण, हातविंच किंवा चेनकप्पी आडवी लावून आरामात होतं. मागे माणूस उभा करायचा नाही. प्रत्येक फुटाला मागून लाकडी पाचर. आणि सुटलंच तर सुटू द्या, आडवं येऊ नका.

आतमध्ये उभं करण्यासाठी पुन्हा घोडी. नसेल तर पहार आणि ठोकळे: ५ फुटी पहार, टोकापासून २ इंचावर आधार, एका वेळी एक इंच उचल, लगेच खाली ठोकळा, मग दुसरी बाजू. सावकाशीचं काम. ठोकळे जाळीसारखे रचा, एकावर एक उभा खांब करू नका.

वीजतंत्री:
वीज. ही ५ एचपीची मोटर तुमच्या सिंगल फेजवर नेहमीच्या व्हीएफडीने (सिंगल फेजपासून थ्री फेज बनवणारा, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) चालणार नाही.

कारण सांगतो. आपल्याकडच्या थ्री फेज मोटरी ३ एचपीपर्यंत साधारणपणे ४१५ व्होल्टला स्टार जोडणीच्या असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती). सहा टोकं बाहेर असतील तर त्याच डेल्टा करून २४० व्होल्टला चालतात. ५ एचपी आणि वरच्या ४१५ ला डेल्टाच असतात. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा नेहमीचा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. त्यावर ५ एचपीची डेल्टा मोटर दम टाकेल. पाटी वाचा: २४०/४१५ डी/वाय (डेल्टा/स्टार) लिहिलेलं हवं.

तुमच्या कामाला ३ एचपी पुरते. ती पण १४४० चीच घ्या. २८८० ची दोन पोलची स्वस्त दिसते म्हणून बसवलीत तर पट्ट्याचा वेग दुप्पट होईल.

सध्याचा वेग बघा: १४४० चे ६/१२ पुलीने ७२०. २४ इंची चाकाचा परीघ १.९१५ मीटर. म्हणजे मिनिटाला १३८० मीटर, जवळपास ४५०० फूट. लाकडाला ३००० ते ५००० फूट चालतं, पुल्यांना हात लावू नका.

२.२ किलोवॅटचा व्हीएफडी सिंगल फेजवर पूर्ण भाराला २०-२४ अँपिअर ओढतो. ३२ अँपिअरचा एमसीबी, ४ चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाईन, थेट मीटरच्या बोर्डापासून. घराचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर घालायचा नाही. बंद-चालू व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच. थांबण्याचा वेळ २५-३० सेकंद ठेवा किंवा मोकळं फिरत थांबू द्या. ५ सेकंदांत थांबवायला गेलात तर ती दोन जड चाकं मोटरला जनरेटर करतात आणि व्हीएफडी ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. तक्रार मात्र व्हीएफडीची होते!

मोटरच्या बॉडीला अर्थिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी. आणि पट्टा चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा: टेबलाशी दात खाली जायला हवेत. उलट असेल तर कुठलेही दोन फेज अदलाबदल.

नेमका_गुण्या:
बसवण्याबद्दल. तळमजला आहे म्हणून ठीक, जमिनीवर ५-६ इंचांचं धड काँक्रीट असलं की पुरे. पहिल्या मजल्यावर कुणी हे वाचून नेत असेल तर थांबा: राहत्या खोल्यांचा आराखड्यातला भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो, हे यंत्र त्याहून कितीतरी जास्त भार अर्ध्या चौरस मीटरहून लहान जागेवर टाकतं.

चार कोपऱ्यांखाली पोलादी शिम, मग पाणसळ. पाणसळ टेबलावर नाही, पायाच्या घासलेल्या जागेवर. १२ मिमीचे अँकर बोल्ट हातापुरतेच कसा. तीन पाय टेकलेले आणि चौथा अधांतरी असताना बोल्ट आवळला तर पायाचं बीड पिळतं, आणि तिथूनच तडकतं.

चाकं एका पातळीत आहेत का ते पट्टा पूर्ण ताणलेला असताना बघा, ढिला असताना नाही, कारण ताणाने मान थोडी वाकते. सरळ पट्टी मिळत नसेल तर सुताराचा दोरा घ्या: खालच्या चाकाच्या कडेला खाली आणि वर दोन ठिकाणी टेकवून वरपर्यंत ताणा.

गाईड पोस्टचं सहसा कुणी बघत नाही. वरचं गाईड टेबलापासून २ इंचांवर पट्ट्याला नीट जुळवा आणि मग पूर्ण वर न्या. पट्टा गाईडच्या एका ठोकळ्याला घासायला लागला तर पोस्ट तिरका आहे, दर वेळी उंची बदलली की जुळणी करावी लागेल. ठोकळे आणि पट्टा यांत साध्या कागदाएवढी फट. मागचं थ्रस्ट बेअरिंग रिकाम्या पट्ट्यापासून अर्धा मिमी लांब. दात ठोकळ्यांच्या पुढेच राहायला हवेत, आत गेले की त्यांची वाकवण एका फेऱ्यात जाते.

सागकापे:
पट्टा. मार्केटमध्ये तुम्हाला आरागिरणीचा ०.९ मिमी जाडीचा पट्टा सांधून देतील, आणि तो महिन्यात तुटेल. ढोबळ नियम असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नको. २४ इंच म्हणजे ६१० मिमी, तर ०.६ मिमी. जाड पट्टा प्रत्येक फेरीत चाकावर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. दातांच्या खोबणीच्या तळाशी बारीक तडे पडायला लागतात. तुटण्याआधी टिक-टिक असा एकसारखा आवाज येतो. तो आला की लगेच बंद, आणि यंत्राच्या उजव्या बाजूला उभं राहू नका.

लांबी: दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा, त्यात १९१५ मिमी मिळवा. मोजताना वरचं चाक पूर्ण वरून इंचभर खाली घ्या, म्हणजे ताणायला जागा राहते. अंतर १२२० निघालं तर ४३५५ मिमी.

फळ्या चिरायला १ इंची, इंचाला ३ दात. वळणांना पाव इंची, ६ दात, साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतो. रोजच्या कामाला अर्धा इंची, ४ दात. सागात सिलिका असते, साधा कार्बनचा पट्टा लवकर बोथट होतो. बोथट पट्ट्याने जोर लावून ढकलू नका, तो पिंपासारखा फुगीर काप करतो आणि दोष फेन्सला (फळी टेकवायच्या सरळ पट्टीला) दिला जातो.

सांधा बट वेल्डचा असेल तर वेल्डिंगनंतर पुन्हा गडद लाल करून हळूहळू थंड केलाय का ते विचारा. केलेला नसेल तर पट्टा सांध्यावर नाही, सांध्याच्या पाव इंच शेजारी तुटतो. तिथे तुटलेला पट्टा परत घेऊन जा आणि दाखवा.

नेमका_गुण्या:
ताण किती द्यायचा यावर 'बोटाने दाबून बघा' सांगतात, ते पट्ट्याच्या रुंदीप्रमाणे बदलतं. मोजून करायचं असेल तर ढिल्या पट्ट्यावर व्हर्नियर दोन छोट्या क्लँपनी लावा, जबड्यांमध्ये बरोबर १५० मिमी. साध्या कार्बन पट्ट्याला ताण देत जा, जबडे ०.०७ ते ०.०८ मिमीने फाकले की १५००० पीएसआय झाले. डायल व्हर्नियर लागेल, साध्यावर वाचता येत नाही. काम झालं की ताण सोडून ठेवा, रबराला खाच पडत नाही.

खाचखुंटी:
आज जाऊन पाहिलं. चाकं खणखणीत, खडूवर रेघ नाही. स्प्रिंगच्या जागी पाईपचा तुकडाच निघाला. वरचं रबर टणक. मोटरची पाटी ४१५ डेल्टा, म्हणजे वीजतंत्री म्हणाले तेच. एका ट्रनियनच्या कानावर जुनी पितळी झाळ आहे. ५५ वरून ४२ वर आला, मोटर त्याने ठेवून घेतली तर ३६. टोकन दिलेलं नाही, वनखात्याच्या उत्तराची वाट बघतो.

बीडओतारी:
मोटर त्याच्याकडेच ठेवून ३६ ला घ्या, ती तुमच्या काय कामाची. ट्रनियनच्या त्या झाळीवर खडू लावून बघितलंत का? झाळ धड असेल तर चालेल, टेबल ४५ अंशांत तिरकं ठेवून जड फळी मात्र चढवू नका. बनवून घ्यायचंच झालं तर कोल्हापूरला उद्यमनगरात नमुना नेऊन ओतून मिळेल, अख्खा तुकडा काढून न्यावा लागेल.

वरचं रबर नवं चढवल्यावर मधला फुगवटा यंत्रावरच घासा, अर्धा ते एक मिमी, ८० नंबरचा कागद लाकडी ठोकळ्यावर. खालचं चाक मोटरवर, करवतीचा पट्टा न चढवता, वरचं ड्रिलला रबरी चाकती लावून फिरवून.

पहार_पाचर:
आणि निघण्याआधी टेबलाच्या फटीच्या तोंडाशी बघा. तिथे एक निमुळती पिन असते, टेबलाची दोन्ही पाती एका पातळीत धरून ठेवणारी. पट्टा काढताना ती निघते आणि भुशात जाते. भोक रिकामं असेल तर विक्रेत्याच्या खिळ्यांच्या डब्यात शोधा, तिथे सापडते बहुतेक वेळा.

खाचखुंटी:
भोक रिकामं आहे. डबा उद्या बघतो.